पोटाचं नका विचारू

खुशबू मॅडम : गिलास आहे ते मलाही दिसतं, आचल. हाताला कसं लागतं, ते विचारलं मी.

(तालुक्याच्या दवाखान्यातली मुलामुलींच्या समुपदेशनाची लहानशी खोली. दुपार. आचल सोळा वर्षांची, उजव्या पायाला पट्टी बांधलेली. तिची आई सुशीलाबाई बाहेरच्या बाकावर बसली आहे.)

आचल : थंड.

खुशबू मॅडम : कुठे कुठे?

आचल : बोटाइले. अंगठ्याले जास्त.

खुशबू मॅडम : अच्छा. मागच्या दोन वेळा काहीही विचारलं तरी तुझं एकच उत्तर होतं, काही नाही. आज निदान अंगठ्यापर्यंत तरी पोचलो आपण.

आचल : मॅडम, याच्यानं काय होते? पोरी मले विचारते, दवाखान्यात काय औषध देते म्हणून. मी काय सांगू, गिलास देते?

खुशबू मॅडम : सांग ना. पाणीही भरून देते म्हणावं. बरं, मला हे सांग, पायावर पेज सांडली तेव्हा तुला कधी कळलं?

आचल : आई वरडली तवा.

खुशबू मॅडम : चुलीवरची उकळती पेज. पायाची चामडी निघाली, आणि तुला आई ओरडल्यावर कळलं. तेच मला खटकतं. अंग सांगत असतं, तुझ्यापर्यंत पोचत नाही. वर्गात त्या मुलीला मारलंस, त्याच्या आधी काय झालं होतं?

आचल : काई नाही. एकदम हात उठला.

खुशबू मॅडम : एकदम कुणाचाच उठत नाही गं. आधी कुठेतरी काहीतरी होतं. माझं बघ, राग यायच्या आधी माझे कान गरम होतात. ते कळलं की मी उठून बाहेर जाते. नाही कळलं, तर त्या दिवशी घरात भांडी आपटतात. माझ्या सासूबाईंना विचार.

आचल : आता हायेत का गरम?

खुशबू मॅडम : हात लावून बघ.

आचल : नोको.

खुशबू मॅडम : बरं. मग तुझं बघू. गिलास ठेव खाली. मान कशी आहे?

आचल : आखडली.

खुशबू मॅडम : छाती?

आचल : ठीक हाये.

खुशबू मॅडम : पोटात काही वाटतं?

आचल : पोटाचं नका विचारू.

खुशबू मॅडम : बरं, नाही विचारत. आचल, इकडे बघ. खिडकीतून काय दिसतं?

आचल : अंबुलन्स. तिच्याखाली कुत्रा झोपला हाये.

खुशबू मॅडम : टेबलावर दोन्ही हात ठेव. टेबल गुळगुळीत आहे की खरखरीत?

आचल : खरखरीत. इथं कोणं तरी नाव कोरलं हाये.

खुशबू मॅडम : श्वास जसा येतो तसा येऊ दे. तुला नको असेल तर आज इथेच थांबू. मागच्या वेळी मी डोळे मिटायला सांगितलं आणि तू उठून पळालीस. माझंच चुकलं असेल काहीतरी. काय चुकलं, तेवढं सांगशील?

आचल : डोळे मिटून बस, असं मी चंदाले म्हटलं होतं.

खुशबू मॅडम : तुझी लहान बहीण. ती साप चावून गेली, एवढंच आई मला सांगू शकल्या.

आचल : दीड वरीस झालं. नऊ वर्साची होती. आमच्या बांधीत रोवणा होता त्या दिवशी.

खुशबू मॅडम : तुमच्या शेतात धानाची लावणी.

आचल : हो. आमच्याकडं बाया एकमेकीइच्या बांधीत जाते. आज आमच्या, उद्या दुसरीच्या. ज्याच्या घरचा रोवणा, त्याइच्या घरचं माणूस घरी बसलं तं बाया नाव ठेवते. मंग त्याइच्याकडं कोणी येत नाही. अकरा बाया आल्या होत्या. सकाळी उजेड पडत होता, मी भाकरी बांधून रायली होती. चंदा आली. म्हणे, ताई, माह्या पोटात दुखून रायलं.

खुशबू मॅडम : हात टेबलावर आहेत ना? असू दे. सांग.

आचल : मी तिले ओवा देल्ला. म्हटलं, नाटकं नोको करू, तुले रोवण्यात याचं नाही म्हणून पोट दुखते. तिचं असंच राहे, शाळेच्या टायमाले बी पोट दुखे. हात धरून नेली. बांधीच्या काठाले, धुऱ्यावर बसवली झाडाखाली. मंग म्हणे, ताई, डोळे उघडत नाही. मी चिखलात उभी होती, हातात पऱ्ह्याची, रोपाइची जुडी. तिथूनच म्हटलं, मंग मिटून बस.

खुशबू मॅडम : मग?

आचल : जेवाले बाहेर निघालो तं उठेच ना. बाबानं गाडीवर घातली. दवाखान्याच्या पह्यलेच गेली. डॉक्टर म्हणे, रातचीच झोपीत चावला असंन. खाली भुईवरच झोपे ती. काई साप असे असते म्हणे, दाताची खूण बी दिसत नाही, पोट दुखते अना डोळे झाकते. तिनं सारं बराबर सांगतलं होतं, मॅडम. जसं झालं तसं. मीच नाही ऐकलं.

खुशबू मॅडम : तुला कसं कळणार होतं, आचल? पंधरा वर्षांची होतीस तू.

आचल : ती नऊची होती. तिले कळलं होतं.

खुशबू मॅडम : हो. आणि मी आज काहीही बोलले तरी हे दुखणं कमी होणार नाही. आणि वर्गातली ती मुलगी?

आचल : एक पोरगी पोट धरून बसली होती. जिले मी मारलं, तिनं म्हटलं, नाटकं करून रायली.

खुशबू मॅडम : समजलं. आता नुसतं एवढं सांग, हे बोलताना अंगात कुठे काय झालं?

आचल : पायाले आग होऊन रायली. मॅडम, पाय दुखून रायला.

खुशबू मॅडम : भाजला आहे गं. दहा दिवस झाले त्याला. रड. पुसू नको, असू दे. आईला हे माहीत आहे?

आचल : नाही. तुमी नोका सांगू.

खुशबू मॅडम : नाही सांगणार. सांगायचं की नाही, तू ठरव. आज, उद्या, कधीच नाही, जसं वाटेल तसं.

सुशीलाबाई : मॅडम, आत येऊ का? नवेगावची गाडी लागली म्हणते. बाई, ही काऊन रडून रायली?

खुशबू मॅडम : बसा सुशीलाबाई. पाय दुखतो आहे तिचा.

सुशीलाबाई : दुखते? दहा दिवस पट्टी बदलवली मी, एक डाव हाय नाही म्हणली.

आचल : आई, चंदानं मले सांगतलं होतं.

सुशीलाबाई : काय?

आचल : पोट दुखते म्हणून. सकाळीच. मी तिले नाटकं म्हटलं, अना ओढत नेली. डोळे उघडत नाही, असं बी म्हणली होती. मी कोणाले सांगतलं नाही. तू माह्याकडं पाहू नोको.

खुशबू मॅडम : सुशीलाबाई, पाणी घ्या.

सुशीलाबाई : पाणी नोको. मले मालूम हाये, माय.

आचल : कोणं सांगतलं तुले?

सुशीलाबाई : तिनंच. तुह्या अगुदर माह्याजवळ आली होती. पदर धरून उभी होती, म्हणे, आई, पोट दुखते. बाया आंगणात येऊन उभ्या, चहा व्हायचा होता. मी तिच्याकडं पाह्यलं बी नाही. म्हटलं, ताईले ओवा मांग. मीच धाडली तिले तुह्याजवळ.

आचल : तू मले कायले नाही सांगतलं? दीड वरीस मी एकटी होती.

सुशीलाबाई : हिंमत नाही झाली. एक गेली होती. तुले सांगतलं असतं तं तू बी मले आई म्हणली नसती, असं वाटे. तू गप राहे, अना मले वाटे, हिले मालूम पडलं म्हणूनच ही गप हाये.

खुशबू मॅडम : दोघी एकाच घरात, एकाच गोष्टीला भिऊन बसला होतात.

सुशीलाबाई : तुमी हिले बरी करा, मॅडम. माह्यं काई नाही. माह्यं तं आता असंच चालते.

आचल : आई, तू सकाळी चुलीजवळ पोट दाबून बसते. मी पाहते रोज.

सुशीलाबाई : ते काई नाही. पित्त असंन. चाल, ऊठ, गाडी निघून जाईन.

आचल : जाऊ दे गाडी. तू बस. कुठं दुखते, ते सांग मले.