बाराव्या खेळाडूची एक रात्र

चहा निवला तरी चालेल, आधी आमच्या यशराजचं ऐका.

उज्जैनच्या आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये बारावी, शेवटची जागा रिकामी होती. पाध्ये सरांनी इंदूरच्या कॉलेजातून ट्रान्सफर करवून यशराजला आणलं. उंच, अबोल, कायम कुठेतरी हरवलेला. पण ॲडमिशनच्या दिवशीच त्याची आजी अडून बसली.

"आमचं घराणं गादीचं. उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या राजानं इथं रात्र काढायची नसते. हा हॉस्टेलात राहणार नाही."

"अहो आजी, राज्यं केव्हाच गेली!"

"राज्य गेलं, रक्त कुठं गेलं?"

सर म्हणाले, "बारावा खेळाडू आहे हो. बाकावर बसेल, पोरांना पाणी देईल. यात राजा कुठला?"

आजींना ते एकदम पटलं. यशराज हॉस्टेलात राहिला आणि वर्षभर बाकावर बसून आभाळ बघत राहिला.

फायनलला आमचा एकजण लंगडला, म्हणून सरांनी त्याला उतरवलं. शेवटच्या क्षणी त्यानं अर्ध्या कोर्टावरून बॉल सोडला. खरं सांगतो, तो बॉल खाली यायलाच तयार नव्हता. संध्याकाळच्या उन्हात नुसता तरंगत राहिला, आणि मग अलगद जाळीत उतरला. आम्ही यशराजला खांद्यावर घेऊन राजासारखं फ्रीगंजच्या बाजारभर मिरवलं.

हॉस्टेलवर आलो, तर हा बॅग भरतोय.

"अबे, कहाँ चला?"

"देवासला, मामाकडे," तो लाजत म्हणाला. "आजची रात्र इथं नको. उद्या येतो ना, बाकावर बसायला."