तिसरा माइक

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या गृहस्थांना हसायची सोय नव्हती, आणि शेजारचे दीर-भावजय काही गप्प बसेनात.

"वहिनी, तिन्ही माइकांवर तुम्ही तेच गाणं गायलात. आता स्टुडिओसाठी कोणता घेऊ?"

"पहिला मेला चोंबडा. माझी धाप जगाला ऐकवतो."

"सगळ्यात महाग आहे तो. आणि दुसरा?"

"तो त्याहून आगाऊ. सूर कुठे घसरला ते बरोबर दाखवतो. तिसरा मात्र गुणी हो. आवाज कसा मऊ येतो, लांबून आल्यासारखा."

"वहिनी, तो माझ्याकडून उलटा लागला होता. त्याचं तोंड भिंतीकडे होतं."

"मग तोच घ्या, भावजी. मी गायला लागले की तुमचे दादाही भिंतीकडेच तोंड करतात. आजवर एकदाही नावं ठेवली नाहीत त्यांनी."