खोड सांगून विकलेली गाडी

—नाही नाही, किल्ली खिशातच राहू द्या भाऊ. सौदा झाला, गाडी तुमची झाली, त्याच्यात आता मागंपुढं नाही—पण इथं अंगणात इंजिन चालू कराचं नाही. मले कळते ना, तुमी नागपूरहून आले, आवाज आयकाचा हाये तुमाले. आयका, पोटभर आयका—पण डांबरी रोडवर. फाटकापर्यंत दोघं मिळून ढकलू. जड नाही, मी एकट्यानं ढकलली हाये तिले. आधी बसा त खरं. हे खाट हाये, सावली हाये, चहा येऊन राह्यला. फक्त जरा हळू बोला. वर माडीवर पोरगा झोपेल हाये माहा, मोईन. दुपारची जोहरची नमाज पढली का लवंडते तो थोडा. त्याले उठवाचं नाही.

आन् दुसरं असं, का खोड सांगितल्याबिगर मी गाडी हातात देत नाही. हसू नका. अडत मी टाकली, सोयाबीन-हळदीत मी पडलो, पण माहा बाप बैलाचा व्यापारी होता, ह्याच रिसोडच्या बाजारात. त्याची रीत अशी—सौदा झाला तरी दावं सोडाचं नाही. घेणाऱ्याले आधी खाली बसवाचं, पाणी पाजाचं, आन् जनावराची खोड सांगाची. हा मारका हाये. हा चढावर बसते. हा डाव्या अंगानं बुजते, त त्याले डावीकडं जुपू नका. हे सारं सांगून झालं का मंग दावं त्याच्या हातात. न सांगता विकलं त ते हराम, असं म्हणे तो. घेणारा म्हणे, मुनाफभाईच्या—म्हणजे माह्या—अब्बाजवळून बैल घेतला त घरी जाऊन नवीन काही कळत नाही, जे हाये ते बाजारातच कळते. मी आजबी सोयाबीनची ओल सांगूनच विकतो. मंग गाडी कशी न सांगता देऊ?

तीन झाल्या अशा गाड्या आमच्या घरी, ही तिसरी. तिघींचं सांगतो, म्हणजे हिचं कळन तुमाले. पहिली होती पिवळी. अमेरिकेची. तिचं बोनेट एवढं लांब का त्याच्यावर घरची हळद वाळली असती. आवाज त बाप्पा विचारूच नका—चालू केली का शेजारच्या म्हशी दावं तोडत. आमची हुस्नाबानो, मोईनची अम्मी, म्हणे, पोट्ट्यानं गाडी आणली का थ्रेशर आणलं? सरळ रोडवर वाघ होती ती. पण आमाले सरळ रोड कुठं पाह्यजे होता! तुमी समृद्धीवरून आले ना, शेलूबाजारले उतरले असान—तो काय रोड हाये? झोप येते माणसाले. आमी जाओ मेडशीच्या पुढं, पातूरच्या घाटात. दर रविवारी, पहाटे फजर झाली का. मोईन चालवे, मी बाजूले. तिथं त्या पिवळीचं सोंग उघडं पडे. तुमी स्टेअरिंग फिरवा, तिचं नाक म्हणे थांब ना, अजून थोडं सरळ जाऊ दे मले. मोठ्या पोटाचा माणूस लग्नाच्या गर्दीत वळते ना, तशी वळे. आन् मंग मागची चाकं एकदम जागी होऊन ढकलत. डाव्या वळणात त नेहमीच उशीर. मैलाचा दगड होता एक, त्याले घासली मोईननं डावीकडून. मी म्हटलं, ह्या बोनेटापायी रस्ताच दिसत नाही माणसाले, काढ ही ब्याद. काढली.

—हाव, घ्या ना, चहा घ्या. साखर जास्त राह्यते आमच्या इथं.

एक सांगू? बाप-लेकाचं घरात काय बोलणं राह्यते? जेवला का—हाव. अडतीवर येतो का—येतो. झालं, संपलं. आमचं बोलणं सारं त्या गाडीत होये. घाट चालू झाला का त्याची जीभ सुटे. अब्बा, आता पाहा, आधी ब्रेक संपवाचा, मंग वळवाचं, मंग पाय द्याचा. अब्बा, कंबरेत लक्ष ठेवा, गाडी पहिले कंबरेले सांगते, मंग डोळ्याले. मी म्हातारा माणूस, मले काय कळणार? पण कळाले लागलं. बैलगाडीत बसून गेलं ना लहानपण—चाक कुठं सरकते हे बुडाले कळतेच.

मंग काळी घेतली. जर्मनची. चारही चाकं ओढत तिची. टाका वळणात, कशीबी टाका, रोडले चिपकून राहे, घोरपडीवानी. पण मुकी! हातात काही येतच नव्हतं तिच्या. हातमोजे घालून कणीक मळाची, तसं. रोड ओला हाये का कोरडा, चाक थकलं का नाही—काहीच सांगे नाही स्टेअरिंग. तुमी मान हालवून राह्यले, म्हणजे चालवेल दिसते तुमी तशी. तिलेबी डाव्या वळणात उशीर. एक दिवस बकरी आली डावीकडून, मी बोंबललो तवा ब्रेक लागला. बकरी वाचली. मी म्हटलं, मोईन, ही मुकी गाडी आपल्या कामाची नाही, ही तुले येळेवर सांगत नाही. तो हासला. संध्याकाळी चाल म्हटलं घाटात, त नाही म्हणे—संध्याकाळी ट्रक राह्यते अब्बा, सकाळचंच बरं. मले वाटलं, पोरगं शहाणं झालं.

आन् मंग ही निळी आली. काय सांगू हिचं! इंजिन तुमच्या पाठीशी, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधात. बसले का तुमी तिच्यात बसले नसता, ती तुमी अंगात घालेल असते. स्टेअरिंगमधी रोड असा येते का पुढच्या चाकाखाली गोटा आला त बोटाले कळते कोणत्या बोटाखाली आला. मनात आणलं का वळते. जास्त नाही, कमी नाही. एकच हाये—वळणाच्या मधात भिऊन ॲक्सिलेटरवरून पाय काढला त मागचं सुटते. पण ती खोड नाही भाऊ, तो स्वभाव हाये. धीट माणसाले ती काही करत नाही. पिवळीनं मले घाम आणला, काळीनं झोप आणली, आन् हिनं—हिनं मले पोराजवळ आणलं, असं म्हणा.

कसं म्हणता? असं का, हिच्यातबी डाव्या वळणात उशीर होऊनच राह्यला होता. मंग आता दोष कोणाले देऊ? बोनेट नाही पुढं. मुकी नाही. हिच्यात खोडच नव्हती. मले काही सुचे नाही, म्हून मी आपला बोलाले लागलो. डावा हाये रे. लांब हाये. आता उजवा, आखूड, पुलाआधी. बैलगाडी हाये पुढं, डाव्या कडेनं. पळसाचं झाड आलं, इथून वळण आवळत जाते, हळू. बायका बसतेत ना बाजूले, ब्रेक मार-ब्रेक मार करत, तसा. मले वाटे, हा चिडन आता. तर तो म्हणे, बोलत राहा अब्बा, मले बरं वाटते. मंग मी बोलतच राहो. मेडशीपासून पातूरपर्यंत तोंड बंद नाही. आन् भाऊ, अल्लाची कसम, असा घाट आमी कधी उतरलो नव्हतो. मी म्हणो डावा, आन् गाडी डावी. माह्या तोंडातून निघे आन् त्याच्या हातातून वळे. मधात कोणी नाही. माह्या साऱ्या जिंदगीत मी एवढा खूश कधी नव्हतो. मले वाटे, ह्याले माही संगत आवडून राह्यली.

मंग एक दिवस मेडशीच्या हॉटेलात बसलो चहा प्याले. हॉटेलवाल्यानं कप ठेवला त्याच्या डाव्या कोपराजवळ. वाफ निघून राह्यली त्याच्यातून. आन् तो माह्या तोंडाकडं पाहून पुसते—अब्बा, चहा नाही आला का अजून?

...

मले वाटलं मस्करी करून राह्यला. मंग मी हात नेला त्याच्या कानाजवळ, असा, बाजूनं. त्याले दिसला नाही. आणखी पुढं नेला. नाही दिसला. पार नाकासमोर आणला तवा म्हणे, काय करता अब्बा? काळीज फाटलं माहं, भाऊ. तिथंच, हॉटेलातच.

अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, हे लहानपणापासूनचं राह्यते, हळूहळू होते. आधी रातचं जाते, मंग बाजूचं जाते—ह्याचं डावं आधी गेलं—समोरचं शेवटी जाते. सरळ रोडवर कळत नाही कोणाले. पेपर वाचते माणूस, सुईत दोरा ओवते—पण वळणाच्या आतलं दिसत नाही. औषध? औषध नाही. मुंबई झाली, हैदराबाद झालं. नाही. डॉक्टरनं त्याले इचारलं, तुले कधीपासून समजत होतं? त म्हणे, पिवळी होती तवापासून.

पिवळी होती तवापासून! म्हणजे मी एकीले पोटाळी म्हणलो, एकीले मुकी म्हणलो, आन् हा आयकत राह्यला मुकाट. दोन गाड्यायले नावं ठेवली मी, बैलाच्या व्यापाऱ्याच्या पोरानं, अन् खोड कशात हाये ते मले कळलं नाही! मी म्हटलं, बेटा, सांगतलं काहून नाही? त म्हणे, सांगतलं असतं त घाट बंद झाला असता, अब्बा. घाट बंद झाला असता त आपण बोललो कुठं असतो?



—नाही, मी ठीक हाये. मिरचीचा वास लागला जरा. हुस्नाबानो भाजून राह्यली चुलीवर. बसा.

आता बांगडीएवढं दिसते त्याले, तेबी धुरकट. घाट त बंदच झाला. पण गाडी विकाले त्यानं नाही म्हटलं. रोज सकाळी हे झाड हाये ना निंबाचं, ह्याच्याखाली तो गाडीत बसे, चालू करे, आन् म्हणे, बसा अब्बा, बोला. मी बाजूले बसो. गाडी जागीच, आन् मी घाट सांगो. डावा. लांब. आता उजवा, पुलाआधी. पळसाचं झाड. तो स्टेअरिंग थोडं थोडं हलवे, डोळे मिटून. हुस्नाबानो पाहे वट्ट्यावरून आन् पदर तोंडात घालून आत जाये. पाहाणाऱ्याले वाटन, दोघंबी येडे झाले. झालोच होतो ना. मले त वाटे, जिंदगी गेली अशीच तरी चालन.

मंग गेल्या हप्त्यात अडतीवरून लवकर आलो, त गाडी निंबाखालीच. तशीच. पण बोनेटजवळून गेलो... नाही, हिचं इंजिन मागं ना—मागून गेलो, त धग लागली पायाले. चाकायले ताजा चिखल. आन् तो फाटकाचा खांब पाहा, तिथं निळा रंग लागेल हाये. घरी कोणी नव्हतं. हुस्नाबानो कामरगावले बहिणीकडं गेली होती. एकटाच गेला होता तो, भाऊ. कुठवर गेला, कसा वळला, रोडवर शाळेचे लेकरं राह्यतेत त्या टाइमाले—मी काही इचारलं नाही. त्यानं काही सांगतलं नाही. रातभर मी त्या पायरीवर बसेल होतो. दुसऱ्या दिवशी तुमाले फोन लावला.

नाही, त्याले नाही सांगतलं. कसं सांगू? तो डोळ्याचं लपवून राह्यला, मी गाडीचं लपवून राह्यलो, बाप-लेक बराबर झालो. उद्या सकाळी तो येईन निंबाखाली, हात लांबवीन, आन् तिथं... ते उद्या पाहू. लेकरू जितं पाह्यजे मले, बस. माह्या बापानं खोडीचे बैल विकले जिंदगीभर, सांगून विकले. बिनखोडीचं जनावर दारातून काढाची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. ती माह्यावर आली.

चला, झालं सांगून. उठा, ढकलू. मी मागून लावतो, तुमी आत बसून स्टेअरिंग धरा—हाव, किल्ली लावा लागन, नाही त स्टेअरिंग लॉक राह्यते. लावा, पण फिरवू नका पुरी. एकच घर. एकच म्हटलं, भाऊ, एक—अरे! अरे, बंद करा! बंद—

...

राहू द्या. आता कायले बंद करता. वरची खिडकी उघडली, पाहा.

मोईन? ...हाव बेटा. मीच हाये. ...हाव, पाहुणे हायेत. नागपूरचे. ...हाव. ...सांगणारच होतो तुले. ...नाही रे. नाही, तसं नाही. ...काय म्हणतो?

भाऊ, तो म्हणते... तो म्हणते, इंजिन थंड हाये, गरम होईपर्यंत दाबू नका. आन् वळणात मधातच पाय काढू नका, मागचं सुटते. ...आणखी काय, मोईन? जोरात बोल, ह्या आवाजात आयकू येत नाही... तो म्हणते, डावीकडून खांबाले लागेल हाये, ते त्याच्या हातचं हाये. म्हणते, गाडीत खोड नाही, बिनधास्त न्या.

आयकलं ना? झालं मंग. आता दोघायनबी सांगतलं. जा तुमी. चहाचं काय घेऊन बसले, जा म्हटलं ना. माह्याकडं पाहू नका, समोर पाहा.

निघाले रे, मोईन. निंबाखालून निघाले. ...आता फाटक. बराबर मधातून. ...आता डावा हाये. लांब हाये. हळू.

वळले.