रायफलीमागं कोण बसणार

तीनशे मॅग्नमचंच काडतूस पाहिजे — हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? नवऱ्यानं? तरी वाटलंच मला. बॉइझीत राहायचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि हजार यार्डांवर घोड्याएवढी हरणं पाडायची, एल्क. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, इकडं बस — कॉफी आहे, सकाळची आहे पण आहे. आण ती इकडं. हं. लॉइडची, तुझ्या बापाची रायफल. मीच बांधून दिली होती, आणि आता अकरा वर्षांनी हात लावतोय हिला. नळी बदलायची म्हणतेस ते बरोबर आहे, नळी गेलीच आहे हिची — बघ आतून, नाही, तुला काय कळणार, मला दिसतंय ना — काडतूस बसतं त्याच्या पुढचे पीळ पार भाजून निघालेत. तुझ्या बापाला तापल्या नळीतनं गोळ्या झाडायची खोड. किती वेळा म्हटलं, अरे थंड होऊ दे जरा. पण थोरला भाऊ धाकट्याचं ऐकतोय होय. बाकी सांगाडा ठणठणीत आहे. काडतूस आत ढकलणारा हा बोल्ट बघ कसा लोण्यासारखा सरकतोय. ह्याच्यावर नवी नळी चढवू, नवा दस्ता घालू, तुझी नातवंडं वापरतील.

पण मॅग्नम नको. का म्हणजे? सांगतो ना. पंचाहत्तर ग्रेन दारू जाते एका काडतुसात, खांद्याला अशी लाथ बसते की चौथ्या गोळीला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो — तूही मिटशील, मीही मिटतो, लाजायचं काय त्यात. मग लाथ कमी करायला नळीच्या तोंडाला ब्रेक लावायचा, तो सगळा आवाज बाजूला फेकतो, म्हणजे शेजारी बसलेल्याचे कान गेले. माझा हा डावा कान कशानं गेला? तुझ्या बापाच्या ब्रेकनं. तू सिक्स-फाइव्ह पीआरसीचं काडतूस घे. ऐक तरी. बुडाचा घेर मॅग्नमच्या काडतुसाएवढाच आहे, म्हणजे बोल्टचं तोंड बदलायला नको, बापाचा बोल्ट तसाच राहील. चोवीस इंची नळी, आठ इंचांत एक पीळ, गोळी एकशे त्रेचाळीस ग्रेनची — लांबुळकी, वाऱ्याला दाद न देणारी. दारू वीस ग्रेननं कमी. चारशे यार्डांच्या आत एल्क जागच्या जागी बसेल. चारशेच, हो. मग? तेवढं पुरत नाही? आमच्या बापानं सगळा जन्म दोनशेच्या आत काढला आणि आम्ही काही उपाशी मेलो नाही.

सेव्हन पीआरसी? मधलं काहीतरी, असं? बघ, तुझा अभ्यास झालाय, मी नाही म्हणत नाही. एकशे ऐंशीची गोळी, सव्वीस इंची नळी, आठशे यार्डांवरही जोर राहतो तिच्यात. राहतो ना, मला माहीत नाही का. पण आठशे यार्डांवर गोळी पोचायला सेकंदाच्या वर लागतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो, आणि छातीला धरलेली गोळी पोटात जाते. मग बसा दोन दिवस रक्त हुडकत. — कुठं? मोरान घळीत? तिथं कशाला जायचंय तुला. एवढं मोठं आयडाहो पडलंय. बापाची जागा म्हणून, ते कळलं, पण — आणि मी? मी कशाला? माझा गुडघा गेलाय, अकरा वर्षं मी डोंगर चढलो नाही, विचार गावात कुणालाही. बसायचंच तर आहे म्हणतेस. रायफलीमागं बसायचं. हं. म्हणजे तुला आईनं सांगितलेलं दिसतंय, कसं करायचो आम्ही ते.

हो, तसंच करायचो. घळीच्या अलीकडच्या धारेवर आपण, पलीकडच्या उतारावर एल्क. मारला, पडला, पण तिथं पोचायला खाली ओढ्यात उतरायचं, विलोच्या झुडपांतनं वाट काढायची आणि परत वर चढायचं — पावणेदोन तास कुठं गेले नाहीत. आणि पलीकडं पोचलं की इकडून पाहिलेलं काही म्हणजे काही ओळखू येत नाही. तो पिवळा खडक, ते जळकं झाड, सगळं भलतीकडंच. नवखी माणसं दोघंही उठून जातात आणि मेलेला एल्क तिथंच कुजतो. म्हणून एकानं मागं राहायचं, रायफलीवरच्या स्कोपमधनं जागा धरून. आधी बोल्ट काढून खिशात टाकायचा, म्हणजे गोळी सुटायलाच नको — त्याशिवाय माणसाकडं स्कोपमधनं बघायचं नाही, हे आमच्या बापानं कानफटात देऊन शिकवलंय. नारिंगी जाकीट डावीकडं धरलं की गेलेल्यानं डावीकडं सरकायचं, उजवीकडं धरलं की उजवीकडं. त्यानं दोन्ही हात वर केले की सापडला, आता तू ये. तोवर मागच्यानं जागचं हलायचं नाही. लघवी आली तरी नाही. चारशेच्या आत मारलंस तर ह्यातलं काही करावं लागत नाही बघ. उठायचं, चालत जायचं, दोघांनी मिळून. म्हणून म्हणतोय मी. छोटं काडतूस घे.

बरं, दस्त्याचं बोलू. अक्रोडाचा हवा असेल तर दिसायला देखणा, पण पावसात फुगतो, नळीला टेकतो आणि नेम हलतो. कार्बनचा घे. तुझा हात आखूड आहे, अर्धा इंच कापून देईन — उभी राहा बघू, धर खांद्याला, हां. मान कशी ठेवतेस अगदी — जाऊ दे. ठेव खाली. स्कोप. स्कोप पंचवीस पटीचा घेऊ नकोस. दहा-बारा पट बास झाली. लोकांना वाटतं, जास्त दिसलं म्हणजे चांगलं. जास्त दिसून काय करायचंय? आठशे सत्तर यार्डांवरचा माणूस पंचवीस पटीत पस्तीस यार्डांवर येतो. ह्या दारापासून रस्त्यापलीकडच्या टपालपेटीपर्यंत, तेवढाच. सगळं दिसतं. दाढीतलं गवत दिसतं. हातमोजा निघेना म्हणून दातांनी ओढत होता, तेसुद्धा दिसत होतं मला, आणि पाण्याची बाटली — तर काय सांगत होतो, बारा पट.

काय? — असं म्हटलं का मी. हातमोजा तिथं पडलेला होता, मी पोचलो तेव्हा, त्याच्याशेजारीच, म्हणून आपला अंदाज. दातांनी, म्हणजे — ब्रिटा, अशी बघू नकोस. तुझा बापही असाच बघायचा, तोंडानं काही विचारायचा नाही.

तुझ्या आईला मी काय सांगितलं ते ठाऊक आहे मला. शेरीफला सांगितलं, दफनाच्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. की त्यानं हात वर केले, खाली बसला, मला शंका आली आणि मी तसाच धावत सुटलो. पोचलो तोवर तो गेला होता. लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. तुझी आई अजून दर ख्रिसमसला हकलबेरीच्या फळांचा गोड पाय भाजून पाठवते मला. मला तो गिळवत नाही. मी शेजारच्या कुत्र्याला घालतो.

जायचं मला होतं. गोळी मी मारलेली, ह्याच रायफलनं — एल्क माझा, पायपीट माझी. पण तो म्हणाला, तुझी नजर चांगली, तू बस, मी जातो. गेला. अकरा वाजता पोचला. मी जाकीट धरलं, थोडा उजवीकडं घातला त्याला, आणि त्यानं दोन्ही हात वर केले. मला बरं वाटलं. सापडला, म्हटलं. मग मी काय केलं? कॉफी ओतून घेतली. सँडविच खाल्लं. मग आपलं सहज स्कोपला डोळा लावला, तर तो आडवा. डावा दंड धरून आडवा. आणि एल्क पडला होता चाळीस पावलं वर, पहिल्यापासून मला तो तिथंच दिसत होता, तो सापडलाच नव्हता त्याला. नुसतंच 'तू ये' होतं ते.

तेव्हा तरी उठायचं की नाही माणसानं? नाही उठलो. फोनला तिथं आजही रेंज नाही, हाक पोचायची नाही, खाली उतरलो की तो दिसेनासा होणार — मी स्वतःला काय काय सांगत होतो. डोळा काढला तर जागा हरवेल. मागच्यानं हलायचं नाही. ते सगळं खोटं गं. मी घाबरलो होतो. तिथं पोचल्यावर मला त्याला हात लावावा लागला असता, त्याच्याशी काहीतरी बोलावं लागलं असतं. इथनं तो पस्तीस यार्डांवर होता आणि मला काही करावं लागत नव्हतं. तो जाईपर्यंत एक्केचाळीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. पाणी प्यायला, बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, लागेना, ठेवून दिली. दुसऱ्यांदा हात वर केले. मग एकच हात. माझं बोट चापावर नव्हतं, बोल्ट खिशात होता, पण स्कोपातली फुली त्याच्या छातीवरच होती सगळा वेळ. अजून कुठल्याही गिऱ्हाइकाची रायफल तपासायला घेतली ना, नेमाच्या कागदावर धरली, तरी पहिल्यांदा तो दिसतो. मग कागद.

आणि हेही सांगतो, की लगेच निघालो असतो तरी वेळेत पोचलो नसतो. पावणेदोन तास. हिशेब मी हजार वेळा केलाय. तो गेला तेव्हा मी खाली ओढ्यात असतो, झुडपांत, आणि तो एकटाच गेला असता. त्यापेक्षा कुणीतरी बघत होतं, त्याच्याबरोबर होतं, असं — तू रडत नाहीयेस. रडलीस तर बरं होईल.

काय? — दुर्बीण. हो, नेली होती. गळ्यात होती. तुमच्याच घरी असेल की ती आता.

ब्रिटा, झालं ना. सांगितलं सगळं.

हो. लावली डोळ्याला. एकदाच. इकडंच बघितलं त्यानं, बराच वेळ. मी रायफलीमागं पालथा, जाकीट शेजारी टाकलेलं. मी हातसुद्धा वर केला नाही. मग त्यानं दुर्बीण छातीवर ठेवली. त्यानंतर काही त्यानं हात वर केले नाहीत.

ही घे रायफल. दुसरं कुणीतरी बघ, चॅलिसला एक जण आहे, काम चांगलं करतो, जे मागशील ते काडतूस बसवून देईल. बोल्ट राहिला बघ तुझा टेबलावर. जा आता. दार ओढून घे जाताना.