मोरिवलीच्या सुनेची सीडी

हरेश : थांबा सिस्टर, टीव्हीवर नाव येऊ दे. सोनेरी अक्षर, मागे गुलाबाच्या पाकळ्या. हे बघा.

नीलिमा : आधी ती सनई बंद करा, हरेशभाई. पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची कॅसेट आहे ही, लग्नाची नाही.

हरेश : अरे, कॅसेटची सीडी केली आणि नाव नाही टाकलं तर कस्टमर बोलतो, काम काय केलं? पूरा कॅम्प तीनचा एरिया माझ्याकडेच येतो.

नीलिमा : आमच्या डॉक्टरबाई या सीड्या दवाखान्यात जपून ठेवणार, इतर डॉक्टरांना दाखवणार. पेशंटचं नाव कुठेही नको, फक्त नंबर. सांगितलं होतं मी.

हरेश : सगळ्यांची नावं काढतो ना. पण ही जिज्ञासा ओळखीची निघाली. मोरिवलीला हिच्या लग्नाचं शूटिंग माझंच. घरी फोन पण केला सकाळी. बोललो, तुमची दवाखान्याची सीडी तयार आहे, कॉपी पाहिजे तर घेऊन जा.

नीलिमा : फोन कोणी उचलला?

हरेश : कोणी बाई होती. म्हातारी.

नीलिमा : सासू. अहो, काय करून बसलात? माहेरी जाते सांगून आली होती ती ऑपरेशनला. घरात कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला बाईंनी तपासणीला बोलावलं, तो फिरकलाही नाही. मूल होत नाही तो दोष हिच्यातच म्हणून हिला सोडून दुसरी करायला निघालाय. आता तर आयतं निमित्तच मिळेल त्याला.

हरेश : तोडून टाकू सीडी? बोलतो, राँग नंबर लागला.

(काचेचं दार ढकलून एक म्हातारी आत येते.)

मोतीबाई : मी मोतीबाई, जिज्ञासाची सासू. सकाळी फोन केलास तो तूच काय रं?

नीलिमा : मावशी, काहीतरी गोंधळ झालाय. इथे तुमच्या सुनेचं काही नाही.

मोतीबाई : घाबरू नको, पोरी. माहेरी जाते सांग, हे मीच शिकवलं तिला. माजं नाव घेऊ नको असं मी बोलली तिला, एवढंच. डॉक्टरीण बोलली ना, हिच्यात काय दोष नाय?

नीलिमा : ते मी नाही सांगू शकत.

मोतीबाई : नको सांगू. सीडी दे. माज्या पोराला, अनंताला, त्याचा काका रविवारी पोरगी दाखवायला नेतोय. तोंडी सांगून त्याला पटायचं नाय. हिचं नाव नि हिचं आतलं एका जागी बघू दे त्याला.

नीलिमा : जिज्ञासा हो म्हणाल्याशिवाय मिळणार नाही.

मोतीबाई : आणलीय तिला. ये गं आत, दारात नको उभी राहू.

जिज्ञासा : सिस्टर, नाव काढून टाका. माझी सीडी नंबरानेच राहू दे तुमच्याकडे.

मोतीबाई : अगं, मग तो दुसरी आणंल.

जिज्ञासा : आणू दे, आई. चार वर्षं त्यांच्यासोबत राहिले मी. पोट उघडून दाखवल्यावर ठेवून घेणार असतील, तर मलाच नाही राहायचं.

हरेश : मी... चहा सांगू का?

मोतीबाई : नको. सिस्टर, पुरुषांची तपासणी रविवारी होते का?