अधिक एक ताट

थोरला — कालही एक ताट परत आलं. मासा तसाच, बटाटे तसेच.

धाकटी — माहितीये. मीच उचललं. हळू बोल, दादा. बाबा आत चुलीपाशी आहेत.

थोरला — ऐकू दे. आई गेल्यापासून दहा दिवस हेच चाललंय. मी ठरवलंय, उद्यापासून खानावळीचं स्वयंपाकघर बंद. नुसत्या मुक्कामाच्या खोल्या चालवू. जेवण पलीकडच्या काठावरून मागवू.

धाकटी — आणि बाबा?

थोरला — बसतील कालव्याकडे बघत. त्यांना मोजता येत नाहीये गं आता.

धाकटी — सकाळच्या बोटींना बरोबर येतं की.

थोरला — म्हणजे?

धाकटी — मी लिहून ठेवलंय. बोट वळणावर आली, की जितके जेवणारे तितके भोंगे. मी वरच्या खिडकीतून मोजून आकडा खाली ओरडते, जशी आई ओरडायची. कालव्याच्या फाटकात पाणी भरून बोट वरच्या पातळीला येईतो ताटं तयार. सगळं ठीक. फक्त एकच्या बोटीला एक जास्त. रोज एकच. डोकं चळलेल्या माणसाचं कधी दोनने चुकेल, कधी कमीही पडेल.

थोरला — आल्या शास्त्रज्ञबाई! आई जाऊन दहा दिवस झाले आणि तू वही घेऊन बसलीयेस.

धाकटी — मग काय करू? तुला रडू येतं?

थोरला — नाही.

धाकटी — मलाही नाही. रात्री मी उशांचे अभ्रे मोजते. चव्वेचाळीस आहेत.

थोरला — बेचाळीस. दोन मी आज सकाळी फाडले, पुसायला.

धाकटी — दादा, आई जेवायची कधी रे?

थोरला — मला काय विचारतेस? मी बाहेर टेबलांवर असायचो. तू शहरात.

धाकटी — पण कधी? तू पाहिलंस कधी तिला जेवताना?

थोरला — ...बाबा, आई कधी जेवायची हो?

बाबा — एकच्या बोटीबरोबर.

धाकटी — कुठे?

बाबा — वर. खिडकीत. उभ्यानं. खाली यायची, ताट न्यायची. म्हणायची, बसले तर पुढचा भोंगा चुकेल.

थोरला — आणि तुम्ही अजून तिचं ताट...

बाबा — मी नाही. हातच टाकतात मासा. तव्यावर दिसला की कळतं, एक जास्त झाला. मग काय, उलटायचा.

थोरला — सांगायचंत तरी.

बाबा — काय सांगू? मला काही वाटत नाही रे. मीठ घालतो, ते लागतं. बाकी काही नाही.

धाकटी — थांबा. एकची बोट वळणावर आली वाटतं.

(तिची पावलं जिन्यावर. मग वरून आवाज येतो.)

धाकटी — तीन! बाबा, तीन!

बाबा — चार.

थोरला — बाबा, ती तीन म्हणाली.

बाबा — ऐकलं. तू उद्यापासून काय बंद करायचं ते कर. आज चौथं वर दे. सकाळपासून उभी आहे ती.

थोरला — अगं ए, तुझं ताट आणतोय वर!

धाकटी — नको रे! भूक नाही मला!

बाबा — ने. तिलाही नसायची.