चिखलदरा का पचमढी

मूर्तिजापूर स्टेशनात तिकिटाच्या रांगेत एक जमीनदार अन् त्याची थोरली बायको उभी होती. संत्र्यांची पाटी घेऊन बसलेल्या गोदाबाईच्या कानावर त्यांचं बोलणं पडत होतं.

"पचमढी लय लांब. लेकरायले गाडीत उलट्या होतील."

"मंग चिखलदऱ्याले जाऊ."

"तिथं गारठा राह्यते. धाकट्याची छाती शेकावी लागते."

"शकुन शेकन. पोटची लेकरं हायेत तिची."

"झोपतात तं माझ्याजवळ."

"यंदा आमी चौघं जातो. तू घरी कुरडया घाल."

खिडकी उघडली. तो पुढं सरकला, ती पाटीपाशी आली.

"किती देऊ, माय?"

"चार. एकाच्या बिया काढून दे. धाकटा गिळते, अन् त्याच्या मायले ते ठावं नाही."